पुस्तकाबाहेर

आमचे घरमालक काही बोलायला आले की मला वाटायचं, हे संभाषण यांनी आधी एकट्यानं एकदा करून बघितलेलं आहे. पुढे कळलं की ते खरंच तसं करत. मी राहायला गेले त्या पहिल्याच महिन्यात ते जिना चढून वर आले, दाराबाहेर चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, तुमी गॅलरीत वल्या साड्या टाकता, त्याचं पानी खाली माझ्या खिडकीत येतं."

"बरं," मी म्हटलं, "उद्यापासून मागच्या बाजूला टाकते."

विषय संपला होता. पण काका हलेनात. आपल्याच चपलांकडे बघत उभे राहिले.

"अजून काही?"

"न्हाई. तुमी म्हनला असता, मागं ऊन येत न्हाई, तर त्याला उत्तर हुतं माझ्याकडं. आधीची भाडेकरीनबी इथंच टाकायची म्हनला असता, तर त्यालाबी हुतं. तुमी नुसतं बरं म्हनला." मग जरा नाराजीनंच, "एकदम पुस्तकाबाहेर गेलात."

माणूस चमत्कारिक आहे एवढं मनाशी म्हणून मी दार लावून घेतलं. ते पुस्तक कुठलं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

श्रीरामपूरच्या अलीकडे, प्रवरेच्या कालव्याला लागून ते गाव आहे. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला गेले होते. काका कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. उंच, हाडकुळे, मान पुढे काढून चालणारे. जन्मभर पाटाच्या कडेनं पाण्याची पातळी बघत हिंडल्यामुळे ती मान तशीच राहिली असं काकू म्हणायच्या. भंडारदरा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की निवृत्त होऊनही ते सकाळी पाटावर जायचे. कुणाला काही सांगायचे नाहीत. हात पाठीशी बांधून वाहतं पाणी बघायचे आणि घरी यायचे.

गावात त्यांना 'इंजिनवाले' म्हणत. त्यावरून एकदा पाथर्डीकडचा एक शेतकरी बिघडलेलं डिझेल इंजिन टेम्पोत टाकून थेट आमच्या दारात आला. इथं इंजिनाचा माणूस राहतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. काकांनी त्याला बसवलं, काकूंनी चहा टाकला, आणि आपलं इंजिन वेगळं आहे, ते बुद्धिबळ खेळतं, हे काका त्याला निगुतीनं समजावत राहिले. तो बिचारा सगळं ऐकून घेत होता. शेवटी आत येऊन त्यानं टेबलाखालच्या काळ्या डब्यावर हात ठेवून बघितला.

"पानी किती इंची मारतं ह्ये?"

"पानी न्हाई वडत."

"मंग येवडं गरम कशापायी हुतंय?"

"इचार करतं," काका म्हणाले.

शेतकऱ्यानं चहा संपवला आणि जाताना काकूंना म्हणाला, "वैनी, जपून ऱ्हावा."

काकू जपूनच राहत होत्या. उन्हाळा लागला की घरातला एकुलता एक कूलर त्या डब्यासमोर लागायचा आणि काकू पदरानं वारा घेत स्वयंपाक करायच्या. त्या मोजकं बोलत, आणि जे बोलत ते पुन्हा सांगत नसत. कूलर डब्याला लागला त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "त्याला जेवाया बी घाला आता."

हे इंजिन म्हणजे काय, ते मला समजून घ्यावंच लागलं, कारण काका आपले इंग्रजी निरोप माझ्याकडून लिहून घेत. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमला इंजिन म्हणतात. जगातल्या कुठल्याही माणसाला ते सहज हरवतं, त्यामुळे माणसाशी त्याला खेळवण्यात राम उरलेला नाही. इंजिन इंजिनाशीच खेळतं. काकांचा असा एक गट होता. देशभरातले रिकामटेकडे (हा शब्द माझा) रविवारी दुपारी आपापली मशीनं इंटरनेटवरून एकमेकांशी जोडून देत आणि बघत बसत. इंजिन सगळ्यांचं एकच, फुकट मिळणारं. मग हारजीत ठरायची कशावर? एक, कुणाचं मशीन किती ताकदीचं आहे यावर. आणि दुसरं, सुरुवातीच्या चालींचं जे पुस्तक मालकानं इंजिनाला दिलेलं असतं त्यावर. हे पुस्तक कागदाचं नव्हे, संगणकातच भरून ठेवलेलं. समोरच्यानं असं केलं तर तू हे खेळ, तसं केलं तर ते खेळ. पुस्तकात चाल सापडते तोवर इंजिन विचारच करत नाही, पुस्तकातली चाल झटकन खेळून मोकळं होतं. समोरचा काहीतरी न लिहिलेलं खेळला, किंवा पुस्तक संपलं, की मग ते स्वतःच्या डोक्यानं चालायला लागतं. याला काका 'पुस्तकाबाहेर जाणं' म्हणत. मी साड्यांच्या बाबतीत तेच केलं होतं.

काकांचं मशीन जुनं. मुलानं पुण्यात नवं घेतलं तेव्हा हे इकडे पाठवलं होतं. ताकदीत ते कुणालाच पुरं पडलं नसतं, म्हणून काका सगळे पुस्तकावर तगून होते. येत्या रविवारी ज्याच्याशी गाठ आहे त्याचे जुने डाव काढायचे, तो कुठल्या वाटेनं जातो ते बघायचं, आणि त्या वाटेवरच्या एखाद्या जागी आपलं मशीन दिवसचे दिवस विचार करत ठेवायचं. इंजिन तेच असल्यामुळे आपल्याच मशीनला विचारता येई, की बाबा, तू त्याच्या जागी असतास तर काय खेळला असतास? ते सांगेल त्यावर तोड शोधायची, तोडीवर त्याचं उत्तर, त्यावर पुन्हा आपलं. असं करत करत काका डाव सुरू होण्याआधीच डावाच्या मध्यापर्यंत जाऊन येत.

"रान तयार पायजे," ते म्हणत. "वाफं, सारं, पाट, समदं कोरड्यात करायचं. पानी सुटल्यावर खोरं हातात घ्यायचं न्हाई."

गटाचा नियमही तोच होता. डाव सुरू झाला की मशीनला हात लावायचा नाही. काका तर डाव चालू असताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. सगळं घर गप्प. मी वरून खाली उतरताना चपला हातात घेत असे आणि स्वतःवरच चिडत असे, की एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी खेळतोय, त्याला माझ्या चपलांचं काय? पण त्यांचा चेहरा बघितला की चपला घालवत नसत.

स्वतः काका बुद्धिबळ अगदीच सुमार खेळायचे. एकदा मी हट्टानं पट मांडला. ते लहानपणी कालव्याच्या चौकीवर वडिलांकडून शिकलेले, जुन्या देशी पद्धतीनं. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. आता सगळीकडे पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांचं प्रत्येक प्यादं एकेक घरच सरकत होतं. मी हसले तर म्हणाले, "डोक्याला कळतं वो. बोटाला कळत न्हाई."

त्या डावात मी त्यांना हरवलं. दुसऱ्या दिवशी ते जिन्यात भेटले आणि त्यांनी मला मी काय खेळायला हवं होतं ते सांगितलं.

बोलण्यातही त्यांची हीच तऱ्हा. डॉक्टरकडे जायचं असलं की आदल्या दिवशी मला खाली बोलवत. "मी म्हनलो, छातीत जळजळतं. तो म्हनंल, तिखट खाता का. मी काय म्हनू?" मी म्हणायची, "खाता तर खातो म्हणा." ते मान हलवत. "मंग तो गोळ्या लिवून मोकळा हुईल. पुडचं इचारनारच न्हाई." वायरमन, सोसायटीचा सचिव, पुण्याची सून, सगळ्यांसाठी त्यांच्याकडे उत्तरं तयार असत. अडचण एवढीच, की विचारण्याआधी तयार झालेलं उत्तर ऐकताना तसं कळतं. ते जरा जास्तच गुळगुळीत असतं. मला ते कळायचं, पण मी भाडेकरू, बोलणार कशाला.

मग बंगळुरूच्या माणसाचं प्रकरण झालं.

हा गटातला सगळ्यात जोरकस मशीनवाला. त्याच्याशी काकांचा डाव लागला, आणि डाव काकांच्या अंगावर येत असतानाच आमच्या गावची लाईट गेली. नियम असा होता की लाईट गेली तर डाव रद्द, पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी कुणी काही बोललं नाही. पण काका बेचैन झाले. पुन्हा असं झालं तर माणसं काय म्हणतील, याचा विचार करून त्यांनी माझ्याकडून एक लांबलचक इंग्रजी उत्तर लिहून घेतलं. आमच्याकडे लाईटची परिस्थिती अशी आहे, मी कधीही मशीनला हात लावत नाही, वाटल्यास गावातल्या कुणालाही विचारा, वगैरे वगैरे. मी म्हटलंसुद्धा, "काका, अजून कुणी विचारलेलं नाही."

"इचारतील," ते म्हणाले.

डाव पुन्हा लावला गेला. पुन्हा काका अडचणीत आले, आणि पुन्हा लाईट गेली. खरीच गेली. मी वर पंख्याखाली बसले होते, पंखा थांबला. थोड्या वेळानं बंगळुरूच्या माणसानं गटावर एकच शब्द टाकला, 'पुन्हा?' आणि त्याची ओळ पडते न पडते तोच काकांनी मोबाईलवरून ते लांबलचक उत्तर टाकून दिलं.

त्यानं विचारलं, "एवढं सगळं तुम्ही आत्ता लिहिलंत? की लाईट जाणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

मी खाली गेले तेव्हा ते मोबाईल पालथा घालून बसले होते. गटाचे पंच मडगावचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी संध्याकाळी निरोप पाठवला. डाव आणखी एकदा होईल. या वेळीही लाईट गेली तर ती खरंच गेली असं आम्ही समजू, पण पुढच्या वर्षी तुम्ही या गटात नसाल. मी ते मराठीत वाचून दाखवलं. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, "पुन्ना त्येच."

पुन्हा काय, ते मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये समजलं. आमचे इतिहासाचे सर त्याच गावचे. काका नोकरीत होते तेव्हा एका दुष्काळी उन्हाळ्यात, पाण्याची पाळी नसताना, पाटातून फुटणाऱ्या एका चारीचं दार कुणीतरी उचललं होतं आणि पाणी ज्या मोसंबीच्या बागेत गेलं ती बाग काकूंच्या सख्ख्या भावाची निघाली. दाराची जबाबदारी काकांवर. चौकशी झाली, त्यात काही सिद्ध झालं नाही. पण गावानं आपलं ठरवून टाकलं. कुणी तोंडावर बोललं नाही आणि कुणी मनातून काढलंही नाही. "केलंही असेल," सर म्हणाले, "नसेलही. बायकोचा भाऊ म्हटल्यावर कोण सांगणार?"

मी काकांना त्याबद्दल विचारणार नव्हते. त्यांनीच जिन्यात मला थांबवलं, कारण सरांशी माझं बोलणं झालं असणार हे त्यांनी धरलेलंच होतं.

"दार मी उचललं नव्हतं," ते म्हणाले. "गाव म्हनलं, भावकी म्हनली, म्हनूं द्या. पन घरातल्या मानसानं एकदाबी इचारलं न्हाई मला. तिच्या भावाचा मळा, तरी एका शब्दानं न्हाई. इश्वास असला का इचारावं लागत न्हाई." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "ह्या गटवाल्यांनी तर माझं तोंडबी बघितल्यालं न्हाई. त्यांनीबी त्येच म्हनायचं का आता?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला. एका फुकट्या गटाच्या मर्जीसाठी या वयात एवढं झुरावं? पण त्यांना गटाची पडलेलीच नव्हती. एकदा तरी कुणीतरी म्हणावं, या माणसानं हात घातला नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या डावाची तयारी मी जन्मात विसरणार नाही. मुलाकडून इन्व्हर्टर मागवून तो बसवून घेतला, इंटरनेटचा डबाही त्यालाच जोडला. वायरमनकडे ते स्वतः जाऊन आले, चार तऱ्हेची बोलणी तयार करून. तो म्हणाला, "काका, वरनंच गेली तर मी काय खांबावर बसून लाईट देऊ?" हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं. मशीन आठवडाभर बंद झालं नाही. कूलर त्याच्यापुढे, आणि खिडकीला ओलं पोतं. काका जेवताना मध्येच उठून जात, पडद्यावर बघून येत आणि ताटावर बसून बोटांनी काहीतरी मोजत. त्यांना एक जागा सापडली होती. तिथं आपला घोडा फुकट द्यायचा. समोरच्यानं तो घेतला की कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं, आणि मग त्याचा उंट कोंडला जातो, कुठूनच बाहेर पडत नाही. हे प्यादं त्यांना अगदी शेवटी, शनिवारी सुचलं. आधी तिथं वेगळी चाल भरलेली होती. ती काढून त्यांनी ही भरली आणि मला हाक मारली.

"रान तयार हाय," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला शेवग्याच्या शेंगा दिल्या, एवढे ते खुशीत होते.

रविवारी दुपारी आम्ही तिघं त्या खोलीत होतो. काका टेबलासमोर, हात मांड्यांखाली. मी बाजूच्या खुर्चीत, गटावर काही लिहावं लागलं तर म्हणून. काकू दाराशी, इन्व्हर्टरच्या शेजारी, लसूण सोलत. बाहेर पिठाची गिरणी चालू होती. तिचा आवाज म्हणजे गावात लाईट असल्याची खूण. मी डावाकडे कमी आणि गिरणीकडे जास्त लक्ष देऊन होते.

डाव सुरू झाला. आमचं मशीन पटापट खेळत होतं. बंगळुरूचंही सुरुवातीला तसंच, मग एका चालीला ते थांबलं. त्याचं पुस्तक संपलं होतं. आमचं अजून बरंच बाकी होतं. काका पुढची प्रत्येक चाल आधी पुटपुटत, आणि पडद्यावर तीच पडे. बाहेर रणरणतं ऊन होतं, खोलीत कूलर असूनही माझ्या पाठीला घाम आला होता. आमचा घोडा पुढे गेला आणि बंगळुरूच्या प्याद्याच्या माऱ्यात जाऊन उभा राहिला. घ्या म्हणून.

बंगळुरूचं मशीन विचारात पडलं.

"घेनार," काका पुटपुटले. "घेतलं का मंग आपलं कडंचं प्यादं..." एक हात त्यांनी मांडीखालून काढला आणि टेबलावर, पट असल्यासारखं, बोट पुढे सरकवलं.

बोट थांबलं. काकांनी त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा मागे नेऊन पुन्हा पुढे आणलं, आणि ते पुन्हा तिथंच थांबलं. एक घर.

"काय झालं?" मी कुजबुजले.

"काल भरताना..." ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता. "मॅडम, मी त्याला दोन घरं दिली का एक?"

मला काय माहीत. मी म्हटलं, "उघडून बघा ना पुस्तक."

"आता हात लावायचा न्हाई."

"नुसतं बघायचं."

"न्हाई."

एक घर भरलं असेल तर काय होईल, ते मलासुद्धा कळत होतं. घोडा गेलेला, आणि उंटाला निसटायला वेळ मिळालेला. समोरच्या मशीनला तेवढं पुष्कळ होतं. आणि आमचं इंजिन काही वाचवणार नव्हतं, कारण पुस्तकात जे लिहिलंय ते न बघता खेळायचं, असं आम्हीच त्याला सांगून ठेवलेलं. बंगळुरूचं मशीन विचार करत होतं. काका पडद्याकडे बघत होते.

तेवढ्यात गिरणी थांबली.

आधी मला ते कळलंच नाही, नुसतं शांत वाटलं. मग कूलर थांबला. भिंतीवरच्या इन्व्हर्टरनं टक् केलं आणि त्याचा हिरवा दिवा लागला. पडदा तसाच उजळ राहिला. बाहेर कुणीतरी ओरडलं, गेली रे.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. "काका," मी म्हटलं, "लाईट गेलीय. खरंच गेलीय. सगळ्या गावाची गेलीय. इन्व्हर्टर नवीन आहे, बंद पडू शकतो. डाव रद्द होईल, तुम्ही प्यादं नीट करून घ्याल."

"आन गट?"

"गट गेला खड्ड्यात. लाईट गेली हे खरं आहे ना?"

मी दाराकडे बघितलं. काकू उठून उभ्या होत्या. त्यांना घोडा-उंट काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. लसणाची सालं पदरावर तशीच होती, आणि त्यांचा हात इन्व्हर्टरच्या बटणावर होता.

"बंद करू का?" त्यांनी विचारलं. "कुनाला कळतंय."

हा प्रश्न काकांनी आधी धरलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग काकूंच्या हाताकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांना असं अडखळताना पहिल्यांदाच बघत होते. इतका वेळ गेला की मला वाटलं, आता मान हलवतील. मी त्यांच्या जागी असते तर कधीच हलवली असती.

"हात काड," ते म्हणाले.

"अवो, पन..."

"काड हात. मशीन चालू हाय ना? मंग लाईट गेल्याली न्हाई."

काकूंनी हात काढला.

बंगळुरूनं घोडा घेतला. त्याच क्षणी, न थांबता, आमचं प्यादं सरकलं. एक घर.

बंगळुरूचं मशीन आता विचार करत नव्हतं, त्याचा उंट लगेच बाहेर निघाला. आमच्या इंजिनाचं पुस्तक संपलं होतं. ते स्वतःच्या डोक्यानं चालायला लागलं होतं, पण उशीर झालेला होता, आणि पडद्यावरचे आकडे ते सांगत होते. मी गटावर बघितलं. पंचांनी लिहिलं होतं, 'डाव अखंड चालू आहे, धन्यवाद.' बंगळुरूच्या माणसानं नुसता अंगठा टाकला होता. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण जे एवढे दिवस हवं होतं ते मिळाल्यासारखे काही ते दिसले नाहीत.

काकू अजून उभ्याच होत्या. त्यांनी पदर झटकला, सालं गोळा केली, आणि तिथंच थांबल्या.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "त्या वर्सी दार तुमी उचललं नव्हतं."

काकांनी मान वळवली. "न्हाई."

"व्हय. आज कळलं मला."

मला तिथून उठून जायचं होतं. पण मध्ये काकू उभ्या होत्या, म्हणून मी मोबाईलकडे बघत बसून राहिले. काका त्यांच्याकडे बघत होते, जणू या बाईला आपण आधी कुठं पाहिलंय ते आठवत असावेत.

"तुला वाटत हुतं, मी उचललं?"

काकूंनी सालं मुठीत धरली होती.

"मंग इचारायचं हुतंस," काका म्हणाले. "येवडी वर्सं. कदीबी इचारायचं. उत्तर तयार हुतं माझ्याकडं."

"उत्तर तुमच्याकडं समद्याचंच तयार असतंय," काकू म्हणाल्या. "म्हनून तर इचारलं न्हाई."